दाणा धरणारा सूर्यभान

राहुरीच्या बाजारात सूर्यभान म्हसेला लोक पुढे ‘आफ्रिकेचा पाव्हणा’ म्हणू लागले. नावं ठेवायला आपल्याकडे कुणाला सवड नसते असं कधी होत नाही, माणूस मेला तरी ठेवतात, आणि हा तर जिवंत परत आला होता. पण त्याआधी एक काळ असा होता की त्याला सगळे ‘मिस्त्री’ म्हणायचे आणि रस्त्यात भेटला तर साखर कारखान्याचे चेअरमनसाहेब जीप थांबवून त्याला आत घ्यायचे. तिथूनच सांगायला हवं, नाहीतर या माणसाचं काय गेलं ते कळायचं नाही.

साखर कारखान्यात ऊस तोडणारे, वाहणारे, गाळणारे हजार हात असतात. साखर करणारा मात्र एखादाच. त्याला पॅनमन म्हणतात. रस आटून त्याचा पाक झाला की तो एका बंद कढईत येतो. ही कढई घराएवढी उंच, लोखंडी, आतली हवा ओढून काढलेली. तिलाच पॅन म्हणायचं. पॅनमन एक पितळी दांडा तिच्या पोटात खुपसून थेंबभर पाक बाहेर काढतो, अंगठा आणि बोटात धरून त्याची तार ओढून बघतो, मग काचेच्या पट्टीवर पसरून ती पट्टी दिव्यासमोर धरतो. एक वेळ अशी येते की चिमूटभर पिठीसाखर आत सोडली की सगळ्या पाकाला दाणा धरतो. जरा आधी सोडली तर ती विरघळून जाते. जरा उशीर झाला तर पाकात आपोआप भलताच बारीक दाणा सुटतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. तो पुढच्या यंत्रांच्या जाळ्या बुजवतो आणि मग चाकापासून चिमणीपर्यंत सगळा कारखाना तुंबून बसतो. ती नेमकी वेळ घड्याळ बघून सांगता येत नाही. बोटांना कळते, आणि बोटांना कळायला वर्षं लागतात.

म्हणून पॅनमन लोकांत एक रीत होती, आणि ती सगळ्या मुलखात सारखीच होती. दाणा धरायची वेळ आली की हाताखालच्या माणसाला तिथून हुसकून लावायचं. ‘जा रे, चहा घेऊन ये.’ तो चहा घेऊन येईपर्यंत दाणा धरलेला असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली की उस्ताद आणि हेल्पर यांच्यात फरक काय राहिला?

कारखाना सुरू झाला तेव्हा यंत्रांबरोबर उत्तर प्रदेशातून, देवरिया जिल्ह्यातून रामसुमेर नावाचा पॅनमन आला होता. इथे ऊस होता, पाणी होतं, शेअर घेतलेले बागायतदार होते, पण साखर करणारा एक माणूस सगळ्या जिल्ह्यात नव्हता. सूर्यभान तेव्हा बावीस वर्षांचा. सांडलेला पाक पुसण्याच्या कामावर लागला आणि चिकाटीनं रामसुमेरचा हेल्पर झाला. त्यानंतर नऊ सीझन त्यानं चहा आणला. कँटीनवाला त्याला लांबून बघितलं की पातेलं चढवायचा, म्हणायचा, “दाना धरायला आला वाटतं, मिस्त्रीनं तुला पिटाळलं म्हंजी.”

दहाव्या सीझनला रामसुमेरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. काचेच्या पट्टीवर त्याला धुकं दिसायला लागलं. एक दिवस वेळ आली, सूर्यभान आपणहून चहाला निघाला, तेव्हा म्हातारा म्हणाला, “रुक जा बेटा. आज तू देख के बता.” त्या दिवसापासून त्यानं काही राखून ठेवलं नाही. तार कशी ओढायची, कुठवर ओढायची, पावसाळी उसाचा पाक कसा फसवतो, वाळक्या उसाचा कसा रुसतो, सगळं सांगितलं. दोन सीझनमध्ये सूर्यभानच्या बोटांना ते कळायला लागलं. पहिला दाणा त्यानं एकट्यानं धरला तेव्हा रामसुमेरनं गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला होता.

आणि मग अडुसष्ट साली गेटवर सभा झाल्या. ‘बाहेरचे हटवा, स्थानिकांना काम द्या.’ मागणी खोटी होती असं कुणी म्हणू नये. ऊस आपला, धरणाखाली जमिनी गेल्या त्या आपल्या, आणि आपली पोरं कारखान्यात झाडू मारायची नाहीतर चहा आणायची. बॉयलरवर परका, पॅनवर परका, लॅबोरेटरीत परका. पण ती पाटी रंगवून गेटला ठोकायला पुढे कोण होता, तर सूर्यभान. सभेत तो म्हणाला, “आमच्या उसाची साखर आमाला करता येती. मी करून दावतो.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला ती विद्या आली कुठून, हे विचारायचं त्या टाळ्यांत राहून गेलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ती अशी.

संचालक मंडळ नमलं. रामसुमेरला हार घातला, नारळ दिला आणि गाडीत बसवून दिलं. सूर्यभान स्टेशनवर गेला नाही. पाळी होती म्हणाला. पाळी होती हे खरं, पण तासभराची सुटी मागितली असती तर मिळाली असती, आणि हे त्यालाही माहीत होतं.

तो पॅनमन झाला. आता त्याच्या हाताखाली गावातलाच मच्छिंद्र नावाचा माणूस आला. सूर्यभाननं त्याला काय शिकवलं? दाणा धरायची वेळ आली की म्हणायचा, “मच्छिंद्रा, चहा सांग रं.” स्थानिकांना काम द्या म्हणणारा माणूस दुसऱ्या स्थानिकाला चहाच सांगत होता. आपण चुकतोय असं त्याला वाटलंही नसेल. रीतच ती.

एकच सल त्याला होता. कारखाना वर्षातून सहा महिने चालायचा. भोंगा बंद झाला की मिस्त्रीचा पुन्हा शेतकऱ्याचा धाकटा भाऊ व्हायचा, थोरल्या भावाच्या रानात खुरपं घेऊन बसायचा आणि भावजयीच्या हातची भाकरी खायचा. ऑक्टोबर उजाडेपर्यंत त्याची मान खाली असायची. म्हणून सत्तर सालच्या सुरुवातीला आधीच्या चीफ केमिस्टचं, देसाईसाहेबांचं, केनियाहून पत्र आलं तेव्हा त्यातलं एकच वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. तिकडे ऊस बारा महिने गाळतात.

त्याची बायको चांगुणा पत्र ऐकून भाकरी थापायची थांबली.

“आन् तितल्या लोकांना येत न्हाई व्हय साखर कराया?”

“न्हाई येत. म्हनून तर बोलावत्यात.”

“हितं बी आदी येत नव्हतीच की.”

सूर्यभानला हे बोलणं लागलं, पण त्यानं ते हसण्यावारी नेलं. पासपोर्ट झाला, टोचून घेतलं, देसाईसाहेबांनी पाठवलेला परवाना आला. जाड कागद, वर दोन सिंहांचा शिक्का, सगळं इंग्रजीत. राहुरीत एका वकिलाकडून त्यानं तो वाचून घेतला. वकिलानं वरच्या चार ओळी वाचल्या, “दोन वर्षांचा आहे, पुढं वाढवून मिळतो,” म्हणाला आणि घडी घालून परत दिला. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं, पण वकिलाला कोर्टात जायचं होतं. सूर्यभाननं तो कागद चांगुणाच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत ठेवला आणि मुंबईहून बोटीत बसला.

कारखाना किसुमूच्या पलीकडे, मोठ्या सरोवराच्या अंगाला होता. ऊस पुरुषभर वर. माती आपल्या गोदाकाठासारखी काळी. इंजिनिअर विलायती, केमिस्ट गुजराती, फिटर पंजाबी, आणि बाकीचे मजूर तिथले. सूर्यभानला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपण बाहेरचे आहोत हे दुसऱ्याच्या गावात गेल्यावरही आपल्याला पटकन कळत नाही, असंच म्हणायचं.

देसाईसाहेबांनी पहिल्याच दिवशी एक माणूस त्याच्यासमोर उभा केला. उंच, शिडशिडीत, पंचविशीचा. नाव ओटिएनो. आठवी शिकलेला. साहेब म्हणाले, “सूर्यभान, हा तुझ्या हाताखाली. याला तयार करायचं. सरकारचं तसं म्हणणं आहे.” ओटिएनोनं खिशातून एक वही काढली आणि शिसपेन्सिल कानाला लावून तयारीत उभा राहिला. सूर्यभानला तो ‘म्वालिमू’ म्हणायचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गुरुजी.

त्याच आठवड्यात पंजाबी फिटरनं कँटीनमध्ये सूर्यभानला बाजूला घेतलं. बारा वर्षं तिकडे काढलेला माणूस. म्हणाला, “देख भाई, जिस दिन ये लड़का सीख गया, उस दिन तेरा बिस्तरा गोल.” आता ओटिएनो तयार झाला की आपण गेलो. तो कच्चा राहिला तर आपण राहिलो. सूर्यभानला हे गणित सांगायला पंजाब्याची गरज नव्हती, नऊ वर्षं तो हेच गणित चहाच्या किटलीतून वाहत आला होता. तिकडची भाषा त्याला फारशी आली नाही, पण दोन शब्द आठवड्यात आले. ‘लेटा चाय.’ चहा आण.

ओटिएनो चहा आणायचा. परत आला की वहीत लिहायचा. किती वाजता पाक आला, काट्यावर किती दाब होता, कितीवर गेला. मध्ये तेवढी जागा मोकळी सोडायचा. दिवसेंदिवस वहीत त्या मोकळ्या जागा वाढत गेल्या. सूर्यभानला इंग्रजी आकडे कळायचे, अक्षरं नाही, पण त्या मोकळ्या जागा बघून त्याला बरं वाटायचं. दर सहा महिन्यांनी साहेबांकडे एक फॉर्म यायचा. साहेब विचारायचे, “कसा आहे रे?” सूर्यभान तोंड वाकडं करून म्हणायचा, “अजून कच्चाच हाय, साहेब.” साहेब तसं लिहायचे. प्रत्येक ‘कच्चा’बरोबर आपलं एकेक वर्ष पक्कं झालं असं त्याला वाटायचं. त्या दिवशी तो घरी दोन ओळी जास्त लिहायचा.

माणूस वाईट होता का? नव्हता. ओटिएनो पाकानं भाजला तेव्हा सूर्यभाननं स्वतःच्या हातानं त्याला मलम लावलं होतं. एवढंच की मलम लावणं निराळं आणि दाणा दाखवणं निराळं.

दीड वर्ष गेलं. एक दिवस चहाला पाठवलं तर ओटिएनो गेला नाही. फिटर लोकांकडून उचललेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “म्वालिमू, चहा मी आधीच आणून ठेवलाय.” खरंच खिडकीत कप झाकून ठेवलेला होता. तो सूर्यभानच्या हाताकडे बघत उभा राहिला. त्याच्या बघण्यात उर्मटपणा काही नव्हता, वही तेवढी उघडी होती. “तार किती ओढायची ते सांगा. मी रोज घरी गुळाच्या पाकावर करून बघतो, पण मला कळत नाही.”

दोन बोटं तार आली की पिठीसाखर सोडायची, ही खरी गोष्ट. सूर्यभानच्या घशाशी ती आली होती. रामसुमेरनं त्याला हेच सांगितलं होतं, सांगताना त्याचा हात धरला होता. पण तो म्हणाला, “चार बोटं.”

आणि चार बोटं दाखवली. ओटिएनोनं ती मोजली, वहीतली मोकळी जागा भरली आणि खाली एक रेघ ओढली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो सूर्यभानला बघवला नाही. तो काट्याकडे बघत राहिला. मग पाठमोरा होऊन, हात अंगाआड करून त्यानं दोन बोटांवरच दाणा धरला.

पुढे काय व्हायचं ते नोव्हेंबरात झालं. सूर्यभानला थंडीताप आला, हिवतापच तो, आणि कारखान्याच्या दवाखान्यात पाच दिवस पडून राहावं लागलं. दुसऱ्या पाळीचा पॅनमन रजेवर होता. दुपारी पॅन भरून तयार, पाक थांबत नाही, साहेब घाईला आलेले. ओटिएनो म्हणाला, “मी करतो. मला म्वालिमूनं शिकवलंय.” त्यानं तार ओढली, चार बोटं मोजली. मग दुसरा पॅन, पुन्हा चार बोटं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पॅनमध्ये नुसता खोटा दाणा. जाळ्या बुजल्या, पाक तुंबला, गाडीअड्ड्यावर उसाच्या गाड्या उभ्या राहिल्या. दोन दिवस कारखाना बंद.

सूर्यभान घोंगडी पांघरून, लटपटत साहेबांच्या खोलीत गेला. ओटिएनो तिथे उभा होता. त्यानं वही उघडून टेबलावर ठेवली आणि बोट ठेवून साहेबांना दाखवलं.

“सूर्यभान,” साहेब म्हणाले, “हा म्हणतो, चार बोटं तूच सांगितलीस.”

दोन शब्दांत सगळं निस्तरलं असतं. चूक झाली म्हणाला असता तर साहेब रागावले असते, आणखी काय? पण तापानं अंग जळत असताना त्याला डोळ्यांपुढे पहिलं काही दिसलं असेल तर थोरल्या भावाचं रान आणि हातातलं खुरपं.

“मी असं कशाला सांगीन, साहेब? त्याची काहीतरी ऐकन्यात चूक झाली.”

ओटिएनोनं त्याच्याकडे बघितलं. भांडला नाही, ओरडला नाही. वही मिटून खिशात घातली. साहेबांनी आपल्या देशाच्या माणसाचा शब्द धरला, जसा सगळेच धरतात. आपला तो बाब्या. ओटिएनोला पॅनवरून काढून उसाच्या गाड्या उतरवायला पाठवलं. चार दिवस तो तिथे दिसला. पाचव्या दिवशी दिसला नाही, आणि कुठे गेला ते सूर्यभाननं कुणाला विचारलं नाही.

आता मैदान मोकळं झालं असं त्याला वाटलं. रात्री झोप लागेना, तो भाग वेगळा.

बहात्तरच्या फेब्रुवारीत परवान्याची मुदत संपत आली आणि नैरोबीहून एक अधिकारी आला. काळा कोट, जाड चष्मा, वयानं ओटिएनोपेक्षा थोडा मोठा. समोर फाईल. देसाईसाहेब दुभाष्या म्हणून शेजारी बसले. सूर्यभान नवा सदरा घालून, तेल लावून भांग पाडून आला होता. अधिकाऱ्यानं एकच विचारलं. दोन वर्षांत या माणसानं किती लोकांना तयार केलं?

याच प्रश्नासाठी तर सूर्यभान दोन वर्षं थांबला होता. तो ताठ उभा राहिला.

“एक भी नहीं, साहब. ये काम सबके बस का नहीं.”

देसाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग भाषांतर केलं. अधिकाऱ्यानं मान हलवली, फाईलमध्ये चार शब्द लिहिले आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. सूर्यभान नमस्कार करून हसत बाहेर पडला. बाहेर त्यानं पंजाबी फिटरला सांगितलंसुद्धा, काम फत्ते झालं म्हणून.

संध्याकाळी साहेबांनी त्याला ट्रंकेतला परवाना घेऊन बोलावलं आणि तोच कागद त्याच्यासमोर धरून खालची बारीक अक्षरं मराठीत वाचून दाखवली. हाताखाली दिलेला स्थानिक माणूस शिकत असल्याचं दिसलं, तरच मुदत वाढवली जाईल. ओटिएनो निम्मा जरी तयार झाला असता तरी आणखी दोन वर्षं मिळाली असती, कदाचित चार, कारण त्याच्यामागे दुसरा शिकायला दिला असता. सरकारला पॅनमन नको होता. त्यांना पॅनमन तयार करणारा माणूस हवा होता.

“अरे, शिकवण्यासाठीच तुला आणला होता,” साहेब म्हणाले. “मला वाटलं तुला हे कळलंय. पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं का?”

सांगितलं होतं. पण ते ऐकायला सूर्यभानचे कान नव्हते. सगळ्या जन्मात त्यानं एवढंच बघितलं होतं की जो शिकवतो तो जातो. रामसुमेर गेला तो त्याच्या डोळ्यांसमोर, नव्हे, त्यानंच घालवला. तेव्हा आपण शिकवलं नाही म्हणून जाऊ, असं त्याच्या डोक्यात शिरावं तरी कसं? तो खोलीवर आला आणि ट्रंक भरायला बसला.

एप्रिलात तो राहुरीला उतरला. सोबत एक ट्रान्झिस्टर, चांगुणाला पातळ आणि सांगायला खोट्या गोष्टी. पहिले आठ दिवस माणसं ऐकायला आली. नवव्या दिवशी तो सायकलवर टांग टाकून कारखान्यावर गेला. टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खोलीत, कामगारांचे पुढारी काकासाहेब बसलेले. गेटवरच्या सभांत हेच काकासाहेब सूर्यभानच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

“काकासाहेब, यंदाच्या सीझनला माजी जागा...”

“कुठली जागा?” काकासाहेबांनी पानाचा डबा मिटला. “तू गेलास त्या वर्षी हितं काय झालं म्हाईत हाय का? सीझनचा पट्टा सुरू झाला आन् तिसऱ्या दिवशी कारखाना तुंबला. मच्छिंद्राला म्हनलं, तू उभा ऱ्हा पॅनवर. तर तो रडाया लागला. म्हनला, साहेब, दाना धरायचा वकूत आला की मिस्त्री मला भायेर घालवायचे, मला निस्ता चहा येतो. मग काय करतो आमी? परत देवरियाला तार केली.”

“रामसुमेर आला?”

“त्यो गेला वारून. त्याचा पुतन्या आलाय. चांगला हाय पोरगा. डोळे गेल्यावर म्हाताऱ्यानं त्याला निस्तं बोटानं शिकवलं म्हनं.” काकासाहेबांनी डबा पुन्हा उघडला. मग आवाज उतरवून म्हणाले, “सूर्यभान, आमी गेटवर बोंबललो की आमच्या पोरांना येतं. आन् तुला सोडून एकाला येत नव्हतं. तू एक जरी मानूस तयार करून गेला असतास ना, तर आज आमची मान वर असती.”

हेल्परची जागाही सूर्यभाननं मागितली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. तो सायकल हातात धरून चालत घरी आला.

त्या साली पाऊस आलाच नाही. एकाहत्तरलाही जेमतेम होता, बहात्तरला आभाळ पुसून टाकल्यासारखं कोरडं. विहिरी तळाला गेल्या, उसाची चिपाडं झाली. कारखान्याचा पट्टा सुरू झाला तो महिनाभरात थांबला. देवरियाचा पुतण्याही घरी गेला. म्हणजे जागेसाठी भांडायचं ती जागाच उरली नाही.

चांगुणा ऑक्टोबरातच दुष्काळी कामावर जाऊ लागली होती. नगर रस्त्याच्या कडेला खडी फोडायचं काम. सूर्यभान महिनाभर घरात बसून राहिला. पॅनमननं दगड फोडायचे? मग धाकट्या लेकीनं एक दिवस वाटीतली, दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी अर्धी खाऊन अर्धी त्याच्यापुढे सरकवली, आणि दुसऱ्या दिवशी तो बायकोच्या मागोमाग निघाला. मस्टरवाल्यानं नाव विचारलं. सूर्यभान म्हणाला, “म्या साखर कारखान्यात पॅनमन हुतो. आफ्रिकेतबी हुतो.” मस्टरवाला वर न बघता म्हणाला, “हितं समदेच कायतरी हुते. सही का आंगठा?”

पहिल्या दिवशी त्याचे दगड फुटेचनात. हातोडा घसरायचा, दगड उडायचा, बोट ठेचायचं. ओळीतल्या बायका हसू दाबत होत्या. शेजारी बसलेल्या चांगुणानं दुपारपर्यंत बघितलं आणि मग आपलं काम थांबवून त्याच्याकडे सरकली.

“असं न्हाई. हे बगा. दगडाला शीर असती. ही. उजेडात धरून बगा, दिसंल. आता ह्या टायरच्या कड्यात ठेवा, म्हंजी उडायचा न्हाई. आन् जोर नगं, निस्ता हातोडा सोडा शिरंवर.”

त्यानं सोडला. दगड दोन फाकांत उघडला.

“आला की,” ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या ढिगाकडे वळली. “पलीकडल्या छबूबाईनं मला दावलं हुतं. तिनं दावलं नसतं तर मी पैल्या आठवड्यातच घरी बसले असते.”

सूर्यभाननं हातोडा खाली ठेवला. दोन वर्षं त्यानं जे कुणाला दिलं नाही ते या बाईनं खडीच्या ढिगावर बसून, घाम पुसता पुसता देऊन टाकलं होतं. त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट सुजून टम्म झालं होतं. याच बोटांनी तार कळायची. आता पाक कुणी हातात ठेवला असता तरी त्यांना काही कळलं नसतं, आणि ते गेल्याचं दुःखही त्याला त्या क्षणी झालं नाही. त्याला लाज वाटली. इतकी, की ती कुणाला तरी सांगितल्यावाचून पुढचा दगड हातात घेता येईना.

त्यानं सांगितलं. खाली मान घालून, दगडांशी बोलावं तसं. वही, झाकून ठेवलेला चहा, चार बोटं, साहेबांच्या खोलीतलं खोटं, सगळं. आजवर घरी त्यानं एवढंच सांगितलं होतं की मुदत संपली म्हणून आलो. चांगुणाचा हातोडा चालू होता. ती ऐकते आहे की नाही तेही त्याला कळेना. मग हातोडा थांबला.

“त्याला लेकरं किती?”

सूर्यभाननं मान वर केली.

“त्या तुमच्या हाताखालच्याला. लेकरं किती हुती?”

तो आठवू लागला. आठवण्यासारखं काही सापडेना.

“म्हाईत न्हाई.”

“लगीन झाल्यालं हुतं का? आई-बाप हुते का घरी?”

“म्हाईत न्हाई.”

“दोन वर्सं जोडीला हुता ना तो? रोज?”

“व्हय.”

चांगुणानं पदरानं तोंड पुसलं. ती रागावेल, निदान दोन शब्द वाईट बोलेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती रागावली नाही. तिनं हात पुढे करून पुढचा दगड ओढला, उजेडात धरला, शीर बघितली आणि कड्यात ठेवला.

“त्याची बायकूबी आज कुटंतरी अशीच बसली आसंल,” ती म्हणाली.

ओळीच्या टोकाला मुकादम मोजणीला आला होता. बायका घाईनं ढीग सारखे करू लागल्या. सूर्यभाननं हातोडा उचलला, पण डोळे इतके भरून आले होते की पुढ्यातला दगड त्याला दिसेना.